घरघर, खरखर आणि गुणगुण: घरी केलेलं रेकॉर्डिंग साफ कसं करायचं

घरी केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये नको असलेला आवाज सहसा एकटा नसतो. पंख्याची घरघर, विजेची गुणगुण, कॅसेटची खरखर, कुकरची शिट्टी, रिकाम्या खोलीचा घुमारा, प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. सगळ्यांवर सरसकट नॉइज रिडक्शन (मागचा सततचा आवाज कमी करणारा इफेक्ट) चालवलं की शिट्टी तशीच राहते, घुमारा तसाच राहतो आणि बोलणारा माणूस मात्र पाण्याखालून बोलल्यासारखा वाटायला लागतो. म्हणून आधी आवाज ओळखायचा, मग त्याला लागू पडेल तेवढंच हत्यार उचलायचं.

इथे मुख्यतः ऑडॅसिटी ही आवाज संपादनाची प्रणाली धरली आहे. मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते, आणि बोलण्याच्या रेकॉर्डिंगला लागणारं बहुतेक सगळं तिच्यात आहे. मेनूची नावं 3.2 आणि त्यापुढच्या आवृत्त्यांप्रमाणे दिली आहेत. त्याआधीच्या आवृत्त्यांत हेच इफेक्ट एका लांबलचक यादीत सापडतात.

रेकॉर्ड करतानाच वाचणारे कष्ट

एक हिशेब आधी बघा. (फाइलमध्ये मावणारी सर्वांत मोठी पातळी 0 डेसिबल धरतात, म्हणून बाकी आकडे उणे असतात.) समजा तुमच्या आवाजाची सरासरी पातळी उणे 30 डेसिबल आहे आणि मागच्या घरघरीची उणे 52. आवाज लहान म्हणून तो 10 डेसिबलने वाढवून उणे 20 वर नेला, तर घरघरही तेवढीच वाढून उणे 42 वर येते. ऑडिबल या ऑडिओबुक सेवेसाठी पुस्तकं स्वीकारणाऱ्या एसीएक्सची अट अशी की मागचा आवाज उणे 60 किंवा त्याखाली हवा, सरासरी पातळी उणे 23 ते उणे 18 मध्ये आणि सर्वांत मोठं टोक उणे 3 च्या आत. म्हणजे 18 डेसिबल कमी पडले. ते सॉफ्टवेअरने काढायचे तर आवाजाची थोडी नासाडी ठरलेलीच.

आता माइक तोंडापासून 60 सेंटिमीटरवर होता तो 15 वर आणा. अंतर चौथाई झालं की थेट येणारा आवाज सुमारे 12 डेसिबलने वाढतो, खोलीतली घरघर आहे तिथेच राहते. मग माइकचा गेन (आवाज किती वाढवून नोंदायचा ते) खाली घ्या. अठरापैकी बारा फुकटात सुटले, सॉफ्टवेअरवर फक्त सहाचा भार उरला. इतक्या जवळ 'प' आणि 'फ' चे फटके बसतात, म्हणून माइक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता थोडा तिरपा, हनुवटीच्या बाजूला ठेवा.

बाकी तीन गोष्टी. टोकं उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहतील असा गेन लावा. फाइल वेव्ह स्वरूपातच ठेवा, एमपी3 करून मग साफ करायला घेऊ नका. आणि बोलायला सुरुवात करण्याआधी दहा सेकंद गप्प बसा, श्वासही हळू घ्या. या दहा सेकंदांत खोलीचा जो आवाज नोंदला जातो त्यावरच पुढचं बरंचसं काम उभं आहे.

फोनवर रेकॉर्ड करत असाल तर ॲपमधली आपोआप गेन बदलणारी आणि आपोआप नॉइज काढणारी सोय बंद करा. ती चालू असली की तुम्ही गप्प असताना घरघर एका पातळीवर असते आणि बोलताना दुसऱ्याच. मग घरघर ओळखण्यासाठी गप्प जागेतून घ्यायचा नमुना बोलण्यामागच्या घरघरीशी जुळत नाही. दुसऱ्याकडून रेकॉर्डिंग मागवताना व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट नको, मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. व्हॉइस नोट दाबून लहान केलेली असते आणि त्या दाबण्यात गेलेला तपशील परत येत नाही.

कोणता आवाज आहे ते डोळ्यांनी बघा

कानाने अंदाज येतो, पण आकडा चित्रातच दिसतो. गप्प जागेतले तीन-चार सेकंद निवडा आणि ॲनालाइझ → प्लॉट स्पेक्ट्रम उघडा. कोणत्या फ्रीक्वेन्सीला (सेकंदाला किती कंपनं ते, हर्ट्झमध्ये) किती आवाज आहे याचा हा आलेख. इथे 'साइझ' 2048 वर असतो. 44,100 च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाच्या इतक्या नोंदी) त्यात एक पायरी साडेएकवीस हर्ट्झची पडते, म्हणजे 50 आणि 60 मधला फरकही दिसणार नाही. तो 65536 करा, पायरी पाऊण हर्ट्झच्या आत येते. त्यासाठी किमान दीड सेकंदाची निवड लागते.

टोकदार सुळके 50, 100, 150, 200 अशा ठरावीक अंतराने उभे असतील तर ती विजेची गुणगुण. सुळके नाहीत, नुसता डावीकडून उजवीकडे उतरता ढिगारा आहे, तर ती पंख्याची किंवा एसीची घरघर. उजवीकडे, 4000 हर्ट्झच्या पुढेही ढिगारा खाली येत नसेल तर टेपची किंवा स्वस्त माइकच्या प्रीॲम्पची (माइकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या भागाची) खरखर. शिट्टी, हॉर्न, पक्षी यांच्यासाठी ट्रॅकचा मेनू उघडून स्पेक्ट्रोग्राम (वेळेनुसार फ्रीक्वेन्सी दाखवणारं चित्र) लावा. ते चमकत्या रेघेसारखे वेगळे दिसतात.

क्रम चुकला की काम बिघडतं

मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून या क्रमाने जा: फाटलेला आवाज, खालचा गडगडाट, गुणगुण, टिकटिक, घरघर, आणि सगळ्यात शेवटी पातळी व कंप्रेसर.

फाटलेला आवाज पहिला का? गेन जास्त झाल्यावर लाटेची टोकं सपाट कापली जातात आणि क्लिप फिक्स ती सपाटीच शोधतो. आधी फिल्टर लावला तर सपाट टोकं तिरकी होतात, मग त्याला काही सापडतच नाही. व्ह्यू मेनूतून 'शो क्लिपिंग' चालू केलं की अशा जागी लाल रेघा उभ्या राहतात. तेवढा भाग निवडून इफेक्ट → नॉइज रिमूव्हल अँड रिपेअर → क्लिप फिक्स चालवा. उंबरठा 95 टक्के आणि पातळी उणे 9 डेसिबल हे आधीपासून भरलेले आकडे बहुतेक वेळा चालतात. एखाद-दुसरा शब्द सुधारतो. अख्खं भाषण फाटलेलं असेल तर आशा ठेवू नका.

कंप्रेसर शेवटी का? तो मोठा आवाज खाली आणतो, मग एकूण पातळी वर घेतली जाते आणि शब्दांमधली घरघर उसळते, तीही सतत बदलत्या उंचीने. त्यानंतर एका पातळीचा नमुना घेऊन ती काढता येत नाही.

खालचा गडगडाट काढायला इफेक्ट → ईक्यू अँड फिल्टर्स → हाय-पास फिल्टर. दिलेल्या आकड्याखालचे आवाज तो कापतो. आत 1000 हर्ट्झ भरलेले असतात. तसंच 'ओके' दाबलं तर आवाज जुन्या टेलिफोनसारखा होईल, तेव्हा पुरुषाच्या आवाजाला 70 ते 80 आणि बाईच्या आवाजाला 100 च्या आसपास करा. रोल-ऑफ, म्हणजे कापणी किती तीव्र ते, 24 डेसिबल. टेबलाला लागलेला धक्का, रस्त्यावरच्या ट्रकचा कंप, माइकवर आलेला वारा यातला बराच भाग इथेच जातो.

गुणगुण

भारतात वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे गुणगुण 50 वर आणि तिच्या पटींवर. एकाच फ्रीक्वेन्सीवर खाच पाडणाऱ्या ऑडॅसिटीच्या नॉच फिल्टरमध्ये मात्र 60 भरलेलं असतं, कारण अमेरिकेची वीज 60 हर्ट्झची. पुण्यातल्या रेकॉर्डिंगवर 60 चा नॉच लावून 'काहीच फरक पडत नाही' म्हणणारे पुष्कळ असतात. न्यू जर्सीहून आलेल्या रेकॉर्डिंगला मात्र 60, 120, 180 हेच आकडे लागतील.

त्याच ईक्यू अँड फिल्टर्समधून नॉच फिल्टर घ्या. फ्रीक्वेन्सी 50 आणि क्यू 10. क्यू म्हणजे खाच किती अरुंद ते: फ्रीक्वेन्सी भागिले क्यू म्हणजे खाचेची रुंदी, इथे 5 हर्ट्झ. पुढच्या पटींना तीच रुंदी ठेवायची तर क्यू वाढवत न्यायचा: 100 ला 20, 150 ला 30, 200 ला 40. क्यू 10 वरच ठेवून 200 वर खाच पाडली तर ती 20 हर्ट्झ रुंद होते आणि ऐन आवाजाच्या गाभ्यात भोक पडतं. स्पेक्ट्रममध्ये जे सुळके खरोखर दिसतात तेवढ्यांवरच खाच पाडा, बहुधा तीन-चार पुरतात.

कॅसेटवरून उतरवलेल्या आवाजात गुणगुण नेमकी 50 वर असेलच असं नाही. टेपचा वेग रेकॉर्ड करताना आणि वाजवताना सारखा नसला की ती 48 किंवा 51 वरही सरकते. चित्रातला आकडा वाचा आणि तोच भरा. (हाच आकडा टेप किती जलद किंवा हळू चालतेय हेही सांगतो. गुणगुण टेपवरच नोंदली गेली असेल आणि 51 वर दिसत असेल, तर टेप दोन टक्के जलद चालली आहे. आधी वेग दुरुस्त करा, मग पुढचं.)

लॅपटॉप चार्जरवर असताना गुणगुण येत असेल तर चार्जर काढून पुन्हा रेकॉर्ड करून बघा. पंख्याच्या किंवा दिव्याच्या डिमरमुळे येणारी चरचर वेगळी, ती शेकडो पटींवर पसरलेली असते आणि खाचांनी आवरत नाही. तिथे डिमर पूर्ण बंद करणं हाच उपाय.

घरघर: नॉइज रिडक्शन नीट वापरणं

हे हत्यार सगळ्यात जास्त वापरलं जातं आणि सगळ्यात जास्त चुकीचं वापरलं जातं. ते आवाजाचे 2048 सॅम्पलचे, म्हणजे साधारण 46 मिलिसेकंदांचे तुकडे करतं, प्रत्येक तुकड्याची फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यांत फोड करतं, आणि ज्या पट्टीची पातळी नमुन्यातल्या घरघरीइतकीच आहे ती पट्टी खाली दाबतं. स्टीव्हन बॉल यांनी 1979 मध्ये मांडलेल्या वजाबाकीच्या पद्धतीच्याच कुळातलं हे तंत्र. यात दोन गोष्टी ओघाने आल्या. घरघर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी असेल तरच हे चालतं. आणि आवाजातला जो भाग स्वतःच घरघरीसारखा आहे, तो पहिला बळी जातो.

पायऱ्या अशा:

1. गप्प जागेतले एक-दोन सेकंद निवडा. श्वास, कपड्याची सळसळ, खुर्चीची करकर त्यात नको.
2. इफेक्ट → नॉइज रिमूव्हल अँड रिपेअर → नॉइज रिडक्शन → गेट नॉइज प्रोफाइल. खिडकी आपोआप बंद होते. काहीच घडलं नाही असं वाटतं, पण नमुना घेतलेला असतो.
3. कंट्रोल आणि ए दाबून सगळा ट्रॅक निवडा, तोच इफेक्ट पुन्हा उघडा.
4. नॉइज रिडक्शन 9 डेसिबल, सेन्सिटिव्हिटी 6, फ्रीक्वेन्सी स्मूदिंग 6 ठेवून प्रीव्ह्यू ऐका.
5. आता 'रिड्यूस' ऐवजी 'रेसिड्यू' निवडून पुन्हा प्रीव्ह्यू ऐका.

पाचवी पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि निर्णय तिथेच होतो. रेसिड्यूमध्ये जे फेकलं जाणार आहे तेवढंच ऐकू येतं. नुसता सुऽऽ ऐकू आला तर ठीक. त्यात शब्द कळायला लागले, एखादं 'स' किंवा 'ख' ओळखू आलं, तर तुम्ही घरघरीबरोबर माणूसही फेकताय. सेन्सिटिव्हिटी एकेक पायरी खाली आणा, शब्द विरघळेपर्यंत. मग आठवणीने पुन्हा 'रिड्यूस' वर या, नाहीतर ओके दाबल्यावर ट्रॅकमध्ये फक्त कचरा उरेल.

मराठीत हे जास्त जपावं लागतं. 'ख' म्हणजे 'क' आणि त्यामागून सुटणारी हवा. 'घ', 'छ', 'ठ', 'ध', 'भ' यांचंही तसंच. ती हवा यंत्राच्या दृष्टीने खरखरच असते. जास्त दाबलं की 'खोका' चा 'कोका' होतो, 'ह' गायब होतो, 'श' आणि 'स' बोथट होतात. चाचणीसाठी रेकॉर्डिंगच्या आरंभी एक वाक्य मुद्दाम म्हणून ठेवा, उदाहरणार्थ 'छताखाली फुटक्या खोक्यात सहा ससे'. साफसफाईनंतर हे वाक्य पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला पूर्ण कळलं पाहिजे. तुम्हाला ते पाठ आहे, तुमच्या कानावर विसंबू नका.

9 डेसिबलने भागलं नाही तर आकडा थेट 24 करण्यापेक्षा पुन्हा एकदा 6 ते 9 चा हात फिरवा. मात्र दुसऱ्या वेळी साफ झालेल्या गप्प जागेतून नमुना नव्याने घ्या. पहिला नमुना आता लागू नाही. शब्दांच्या कडांना टिणटिण, किणकिण असे छोटे आवाज आले तर स्मूदिंग वाढवा. आवाज मळकट झाला तर कमी करा. दोन्ही एकदम होत असेल तर डेसिबल कमी करून थोडी घरघर राहू द्या. एकसारखी मंद घरघर कान दोन मिनिटांत विसरतो, किणकिण विसरत नाही.

छताचा पंखा चालू ठेवून केलेल्या रेकॉर्डिंगचं एक दुखणं कोणताही नमुना घेऊन बरं होत नाही. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला 300 फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला 15 वेळा एक पातं डोक्यावरून जातं आणि छताकडून परतणारा आवाज तेवढ्याच वेळा कापतं. बोलण्यालाच बारीक थरथर येते. घरघर काढली तरी थरथर राहते. पंखा बंद करा, घाम पुसत रेकॉर्ड करा.

नॉइज गेटचा मोह टाळा. तो शब्दांमधल्या जागा पूर्ण मुक्या करतो, पण बोलताना घरघर मागे असतेच. ती शब्दागणिक चालू-बंद होते आणि आधीपेक्षा जास्त टोचते. खोकला किंवा पान उलटल्याचा आवाज काढल्यावरही तिथे शांतता भरू नका, सुरुवातीच्या दहा सेकंदांतला तेवढाच तुकडा चिकटवा.

एकदाच येणारे आवाज

कुकरची शिट्टी, दाराची बेल, रिक्षाचा हॉर्न यांना नमुना कामाचा नाही. स्पेक्ट्रोग्राममध्ये ती चमकती रेघ चौकोनात निवडा आणि स्पेक्ट्रल टूल्समधून स्पेक्ट्रल डिलीट चालवा. शिट्टी शब्दांच्या मधे असेल तर छान निघते. शब्दावरच आली असेल तर ते वाक्य पुन्हा रेकॉर्ड करणं पाच मिनिटांचं काम आहे, सॉफ्टवेअरशी झुंजणं तासाभराचं.

तबकडीची टिकटिक क्लिक रिमूव्हलने जाते, उंबरठा 200 आणि रुंदी 20 पासून सुरू करा. उंबरठा खाली नेला की जास्त टिकटिक पकडली जाते, पण 'ट' आणि 'क' चे स्फोटही तिच्यात सापडतात. एकटी टिक असेल तर लाट मोठी करून ती निवडा आणि रिपेअर चालवा. त्याला 128 सॅम्पलपर्यंतचीच निवड चालते.

घुमारा, पाऊस आणि एआयची हत्यारं

खोलीचा घुमारा म्हणजे तुमचाच आवाज उशिरा परतलेला, म्हणून नमुन्यात तो येतच नाही. पत्र्यावरचा पाऊस किंवा बाजारातली गर्दी क्षणोक्षणी बदलते. इथे माणसाचं बोलणं ओळखायला शिकवलेली हत्यारं उपयोगी पडतात. ऑडॅसिटीला इंटेलचं ओपनव्हिनो हे प्लगइन जोडलं की नॉइज सप्रेशन आपल्याच संगणकावर चालतं. अडोबी पॉडकास्टचं एन्हान्स स्पीच आणि ऑस्ट्रियातलं ऑफोनिक या सेवा फाइल स्वतःच्या सर्व्हरवर चढवून घेतात, तेव्हा खासगी मुलाखत किंवा रुग्णाशी झालेलं बोलणं तिथे टाकण्याआधी विचार करा. विकतच्यात आयझोटोपचं आरएक्स सगळ्यात बारकाईने काम करू देतं. थेट प्रक्षेपणासाठी ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरच्या नॉइज सप्रेशनमध्ये आरएननॉइज निवडा.

यातली काही हत्यारं आवाज नुसता गाळत नाहीत, नव्याने घडवतात. अस्पष्ट जागी ती स्वच्छ पण वेगळंच अक्षर बोलतात. आजीच्या ओव्या, गावाची, माणसांची नावं, आकडे असं काही असेल तर साफ केलेली फाइल मूळ फाइलशेजारी ठेवून शब्दन् शब्द ताडून बघा. आवाज फार निर्जीव झाला तर साफ ट्रॅकखाली मूळ ट्रॅक 12 ते 15 डेसिबल खाली ठेवून दोन्ही मिसळा. आधी लाटा मोठ्या करून दोन्ही तंतोतंत एका रेषेत आहेत ना ते पाहा, काही मिलिसेकंदांचा फरक असला तरी आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो.

भजन, कीर्तन, शास्त्रीय गाणं यावर ही हत्यारं चालवू नका. बोलणं सोडून बाकी सगळं त्यांच्या लेखी नॉइज असतं, तानपुरा, टाळ, पेटीसकट. तिथे हाय-पास, नॉच आणि अगदी हलकं नॉइज रिडक्शन एवढंच: 4 ते 6 डेसिबल, स्मूदिंग 0 ते 2, आणि नमुना तानपुरा सुरू होण्याआधीचा. तानपुऱ्यासकट नमुना घेतला तर तानपुराच पुसला जाईल. झूमवर गाण्याचा क्लास असेल तर 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा, नाहीतर लांबवलेला सा झूमला घरघर वाटतो आणि तो विरत जातो.

पातळी आणि एक्सपोर्ट

पॉडकास्टसाठी व्हॉल्यूम अँड कम्प्रेशनमधलं लाउडनेस नॉर्मलायझेशन उणे 16 लफ्सवर (कानाला जाणवणारी पातळी मोजण्याचं एकक) चालवा, आत उणे 23 भरलेलं असतं. पुस्तकासाठी त्याच खिडकीत 'आरएमएस' (सरासरी पातळी) निवडून उणे 20 भरा. नंतर टोकांना मर्यादेवर जाऊ न देणारा लिमिटर उणे 3.5 डेसिबलवर. मग गप्प जागा निवडून ॲनालाइझ → मेझर आरएमएस बघा. आकडा उणे 60 च्या वर असेल तर अनडू करत नॉइज रिडक्शनच्या पायरीपर्यंत मागे जा, पातळी चढवलेल्या ट्रॅकवर ते पुन्हा चालवू नका. सगळं जमल्यावर वेव्हची एक प्रत जपून ठेवा आणि एमपी3 तिच्यावरूनच काढा, बोलण्याला मोनो 128 केबीपीएस भरपूर होतात. एसीएक्सला मात्र 192 किंवा त्याहून जास्त लागतात.